पिवळ्याखाली जांभळी

पक्षी-अभ्यास केंद्रावर तिला सगळे आत्या म्हणत. तिची भाची लहान असताना एकदा विसरलेला चष्मा द्यायला आली होती. तिने फाटकातूनच "आत्याऽ" अशी हाक मारली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. केंद्राचे संचालक तिच्याहून वयाने चांगलेच मोठे. त्यांचे केस पिकले, वरच्या दातांची कवळी आली, तरी तेही "आत्या, जरा इकडे या" असंच म्हणत. संचालकांना सगळे साहेब म्हणत, आणि जाळी लावून पक्षी धरणाऱ्याला जाळीवाला. एकंदरीत त्या केंद्रात स्वतःचं नाव फक्त पक्ष्यांना होतं, आणि तेही रंगाचं.

आत्याचं काम बघण्याचं. अक्षरशः तेवढंच. टेकडीवरच्या ओकच्या रानात फळ्या ठोकून केलेली एक खोपटी होती. आत एक स्टूल, तिपाईवर बसवलेली मोठी दुर्बीण आणि चहाचा थर्मास. फळीतल्या फटीतून समोरचं झाड दिसे. झाडावर सुतारपक्षी काय करतात ते उजाडल्यापासून मावळेपर्यंत बघायचं आणि संध्याकाळी साहेबांना सांगायचं. ऐन तारुण्यात ती त्या स्टुलावर बसली. स्टूल दोनदा बदललं, ती तीच राहिली.

सुतारपक्षी एकटादुकटा राहतो अशी लोकांची समजूत असते. या जातीचे तसे नव्हते. हे एकत्र कुटुंब करून राहत. दोन-तीन सख्खे भाऊ, एखादी कर्ती मादी किंवा कधी दोघी बहिणी, आणि वयात येऊनही घर न सोडलेली मुलं. ही मुलं स्वतःचा संसार न मांडता आईबापांची पुढची पिल्लं भरवत बसत. साहेबांच्या भाषेत त्यांना मदतनीस म्हणत. साहेबांनी स्वतः कधी मदतनीस होऊन पाहिलं नसल्यामुळे त्यांना हा शब्द सुचला असावा, असं आत्याचं मत होतं.

एका ढोलीत दोघी बहिणींनी अंडी घातली की आधी गोंधळ होई. जिने पहिलं अंडं घातलं तिचं अंडं दुसरी उचलून बाहेर आणी, फांदीच्या बेचक्यात ठेवी, आणि सगळं कुटुंब जमून ते खाई. जिचं होतं तीही खाई. दोघींची अंडी एकाच वेळी येऊ लागेपर्यंत हे चाले. मग कुठलं कुणाचं हे दोघींनाही कळेनासं होई आणि घरात शांतता नांदे. केंद्र बघायला येणारी मंडळी इथपर्यंत ऐकून सुस्कारा टाकत आणि निसर्ग किती क्रूर असतो, असं काहीतरी म्हणत.

"तरी यांच्यात कोर्टकचेरी नसते," आत्या म्हणे.

तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. का झालं नाही याची कारणं घरात वेळोवेळी बदलत गेली. पुढे पुढे कुणी विचारेनासं झालं. ती थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या घरी राहत असे. दादा सकाळी वर्तमानपत्राच्या आड जाई तो जेवायलाच बाहेर येई. घर चालवत ते वहिनी आणि आत्या. एक ओटा, एक गॅस, दोन बायका. दोघींचं कधी भांडण झालं नाही. भांडायला आधी एकमेकींशी बोलावं लागतं.

आत्याला त्या घरात जिन्याशेजारची एक खोली होती. खिडकी छोटी, पलंग अरुंद, पण दाराला आतून कडी. घरट्यांच्या हंगामात ती केंद्राच्या आवारातल्या खोलीत राही, हंगाम संपला की परत येई. त्या हिवाळ्यात भाची नवऱ्याला घेऊन माहेरी राहायला आली. तिला दिवस गेले होते आणि त्यांच्या भाड्याच्या घराला ओल आली होती.

"वन्सं, तुम्ही एवीतेवी केंद्रावर जाणार," वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाली. "तेवढ्या दिवसांत तुमची खोली हिला देऊ या?"

"आणि हंगाम संपल्यावर?"

"संपल्यावर बघू."

बघू या शब्दाचं त्या घरात जे होई ते आत्याला ठाऊक होतं. दिवाणखान्यात एक जुना सोफा होता, ज्यावर झोपलं की पाय बाहेर राहत. तरी तिने फार मनावर घेतलं नाही. हंगाम होता, केंद्र होतं, केंद्रावरची खोली होती. साहेब कधी म्हणालेच, "आत्या, वर्षभर इथेच राहा," तर तेही होण्यासारखं होतं. नोकरी असेतो ती कुणाची मदतनीस नव्हती.

हे सगळं ज्या एका गोष्टीवर उभं होतं ती गोष्ट त्याच हिवाळ्यात बिघडली.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती. तिने अंधाऱ्या खोलीत बराच वेळ आत्याच्या डोळ्यांत उजेड मारला आणि मग खुर्ची मागे सरकवली.

"काकू, डोळ्याचा मागचा पडदा विरायला लागलाय."

"म्हणजे नंबर वाढला?"

"नंबराचा प्रश्न नाहीये."

"मग ऑपरेशन करा. आमच्या दादाचं झालं, महिन्यात पेपर वाचायला लागला."

"त्यांना मोतीबिंदू असणार. तुम्हाला मोतीबिंदू असता तर फार बरं झालं असतं."

तिचं काही बरं व्हावं असं कुणाला वाटण्याचा हा बऱ्याच वर्षांतला पहिला प्रसंग होता.

"आधी रंग जातात," डॉक्टर म्हणाली. "निळा, जांभळा, त्यातले फरक. नंतर मधोमध एक डाग येतो. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. तुम्ही काय काम करता?"

"बघते."

डॉक्टरला वाटलं, काकूंना सांगायचं नाहीये. तिने पुढे विचारलं नाही.

निळा आणि जांभळा. दुसरे कुठलेही रंग गेले असते तरी चाललं असतं. केंद्रावर प्रत्येक पक्ष्याच्या पायात, तो पिल्लू असतानाच, रंगीत कड्या घालत. त्या वरून खाली वाचायच्या. वरची पिवळी आणि खालची जांभळी असेल तर तो पक्षी 'पिवळ्याखाली जांभळी', रोजच्या बोलण्यात नुसती जांभळी. तिची सख्खी बहीण, त्याच ढोलीतली, त्याच दिवशी कड्या घातलेली, पिवळ्याखाली निळी. सख्ख्या बहिणींना एवढे जवळचे रंग देण्याचा शहाणपणा कुणी केला हे केंद्रात विचारत नसत, कारण तो साहेबांनी केला होता. मोठेपणी दोघी शेजारी शेजारी नांदायला गेल्या होत्या. टेकडीच्या माथ्यावर एक वाळकं झाड होतं, खोडाला हजारो भोकं आणि प्रत्येक भोकात ओकचं एकेक टणक फळ ठोकून बसवलेलं. त्याला कोठार म्हणत. कोठारावरच्या कुटुंबात जांभळी कर्ती होती. खाली ओढ्याकाठच्या झाडावर निळी.

आत्याने घरी स्वतःची परीक्षा घ्यायची ठरवली. भाचीच्या निळ्या कोटाचं बटण तुटलं होतं. वहिनीच्या शिवणाच्या डब्यात निळं रीळ होतं आणि जांभळंही. आत्याने डबा खिडकीशी नेला, एक रीळ उचललं आणि बटण लावलं. धागा चुकला असता तर त्या घरात कुणीतरी बोललंच असतं. मिठाचा एक खडा जास्त पडला तरी वहिनी दोन दिवस पाणी पीत फिरणारी बाई. भाची कोट घालून बाहेर गेली, परत आली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. कुणी चकार शब्द काढला नाही.

म्हणजे डॉक्टरांना आपलं सांगायची सवय असते. आत्याने पिशवी भरली, खोलीची किल्ली वहिनीच्या हातात दिली आणि हंगाम लागताच केंद्रावर हजर झाली. डोळ्यांचं कुणालाही सांगितलं नाही.

त्या वर्षी साहेबांच्या मनात एक प्रयोग होता. कुटुंबातली कर्ती मादी नाहीशी झाली की आजूबाजूच्या झाडांवर आईबापांकडे थांबून राहिलेल्या बहिणी टोळीने येतात आणि त्या जागेसाठी मारामाऱ्या होतात. हे नीट बघायचं होतं. त्यासाठी एक मादी पकडून काही दिवस केंद्राच्या पिंजऱ्यात ठेवायची, तिची जागा कोण घेतं ते बघायचं, आणि मग तिला परत सोडायचं.

"निळीला उचलू," साहेब म्हणाले. "तिची अंडी यंदा टिकली नाहीत, नुकसान काही नाही. जांभळीला मात्र हात लावायचा नाही. तिच्या ढोलीत पिल्लं आहेत."

कारण सांगायची गरज नव्हती. नवी मादी घरात आली की आधीच्या मादीची पिल्लं ठेवत नाही, हे केंद्रावर सगळ्यांना पाठ होतं.

जाळीवाल्याने ओढ्याकाठच्या झाडाखाली फळांचं ताट मांडलं, त्यावर जाळी टांगली आणि दोरी घेऊन खड्ड्यात जाऊन बसला. त्याला तिथून ताटाची नुसती कड दिसे. कोण बसलंय ते खोपटीतून आत्याने बघायचं आणि वॉकी-टॉकीवर सांगायचं. फुकटची फळं बघून आसपासचे सगळेच फेऱ्या मारत होते; कोठारावरचेही खाली उतरून चोऱ्या करत होते.

दुपारनंतर एक मादी ताटावर बसली. आत्याने दुर्बीण फिरवली. पिवळी कडी स्वच्छ दिसत होती. तिच्याखालची पाटीच्या रंगाची होती. पाटी निळी की जांभळी हे कुणी विचारलं असतं तर आत्याला सांगता आलं नसतं. पण पक्षी काय नुसत्या कडीवरून ओळखायचा असतो? जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं माणूस कळतं, मग हे का कळू नये? निळीची एक लकब होती. खाण्याआधी ती मान डावीकडे झुकवून वर बघे. या पक्ष्याने मान डावीकडे झुकवून वर बघितलं.

"ओढू का?" वॉकी-टॉकी खरखरली.

"थांब."

"आत्या, उडेल ती. निळीच आहे ना?"

सख्ख्या बहिणी एकाच आईकडून मान झुकवायला शिकतात, हे आत्यानेच कधीतरी साहेबांना सांगितलं होतं. ते आता तिच्या डोक्यात येत होतं आणि ती ते बाहेर ढकलत होती.

"ओढ," ती म्हणाली.

जाळीवाल्याचा नियम असा की पक्षी हातात आला की आधी कडी वाचायची, मोठ्याने, मगच पिशवीत घालायचा. वारा सुटला होता आणि पक्षी बोटं फोडत होता. त्याने कडी वाचली नाही. आत्याने सांगितल्यावर पुन्हा कडी वाचायची म्हणजे आईने वाढलेलं ताट हुंगून बघण्यासारखं आहे, असं तो पुढे म्हणाला. पिशवी त्याने पिंजऱ्याच्या दारात उलटी केली आणि तो हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठच्या झाडावर एक मादी आरामात बसली होती. पायात पिवळी, तिच्याखाली पाटीच्या रंगाची. निळी पिंजऱ्यात आहे, म्हणजे ही जांभळी. बहिणीची जागा रिकामी झाल्याबरोबर बहीण आली. कुटुंबातल्या नरांनीही तिला काही विरोध केला नव्हता, जणू ती तिथलीच होती.

साहेब अर्धा चहा टाकून खोपटीत आले.

"सख्खी बहीण? स्वतःची पिल्लं सोडून?"

"बापांच्या भरवशावर टाकून आली असणार."

"अहो आत्या, हे आजवर कुणीही पाहिलेलं नाही!"

हे खरं होतं. कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण असं काही घडलेलं नव्हतं. पण साहेबांनी त्याच दिवशी जगभरच्या ओळखीपाळखीच्या शास्त्रज्ञांना कळवून टाकलं. केंद्रावरची सगळी माणसं ओढ्याकाठच्या झाडासमोर आणून बसवली. कोठाराकडे बघायला कुणी उरलं नाही. तिकडून मोठा कलकलाट चालला होता. एवढे पक्षी एका जागी जमून ओरडताना आत्याने फार क्वचित ऐकले होते.

"जांभळी घरातून गेल्याचा परिणाम," साहेब म्हणाले.

निदान तेवढं त्यांनी बरोबर सांगितलं.

जाळीवाला त्यानंतरच्या सकाळी पिंजऱ्यातलं पाणी बदलायला गेला. तिथून तो पळत खोपटीत आला आणि दारातच वाकून धापा टाकत उभा राहिला.

"आत्या."

"हळू बोल. समोर बसलीय."

"पिंजऱ्यात जांभळी आहे."

"जांभळी ही काय समोर."

"समोर कोण आहे मला माहीत नाही. पिंजऱ्यात जांभळी आहे. हातात धरून वाचली मी."

"तुला रंग नीट..." आत्या म्हणाली आणि थांबली.

जाळीवाला तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने दुर्बिणीला डोळा लावला, समोरच्या फांदीवरची कडी बघितली आणि डोळा काढून घेतला.

साहेबांना सांगण्याआधी दोघांनी जांभळीला पिशवीत घालून कोठारापाशी नेलं आणि सोडलं. ती सरळ ढोलीकडे झेपावली. ढोलीतून एक परकी मादी बाहेर आली, केंद्राच्या हद्दीबाहेरची, पायात कडी नसलेली. वरच्या फांदीवरून तशीच दुसरी उतरली. जांभळीला त्यांनी तिच्याच दारात चोचींनी झोडपलं. ती मागे सरली, पुन्हा आली, पुन्हा झोडपली गेली. ज्या नरांबरोबर तिने इतके हंगाम काढले ते शेजारच्या फांदीवर बसून पंख साफ करत होते.

पिल्लं झाडाच्या बुंध्याशी होती. अजून पिसं फुटली नव्हती, डोळेही उघडले नव्हते. डोकी फोडलेली होती. मुंग्या लागल्या होत्या. एक मात्र जरा पलीकडे, पाल्यात पडलं होतं. ते नुकतंच टाकलेलं असावं.

पडलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही असा नियम होता. आत्याने गुडघे टेकले, पाला चाचपला आणि ते उचललं. हाताला ते डोळ्यांपेक्षा बरं कळत होतं. गरम होतं.

"वर ठेवू?" जाळीवाला म्हणाला. "शिडी आणतो."

"ठेवलंस तर परत टाकतील."

"मग आपण भरवू."

"काय भरवशील? आणि कुठवर?"

जाळीवाल्याने दोन्ही हात पुढे केले. आत्याने पिल्लू त्याच्या ओंजळीत दिलं. ते थंड होईपर्यंत तो तसाच उभा होता. मग त्याने ते बाकीच्यांशेजारी ठेवलं, आणि दोघं साहेबांकडे निघाले.

साहेबांनी ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवला.

"मी सगळ्यांना कळवलंय," ते म्हणाले. "सगळ्यांना."

"साहेब, चूक माझी," जाळीवाला म्हणाला. "कडी वाचली नाही मी."

"नियम काय आहे?"

"हातात आला की वाचायची. मोठ्याने."

"मग?"

आत्याकडे बघत, साहेबांकडे न बघता, जाळीवाला म्हणाला, "उन्हाने कडीचा रंगही उडतो कधीकधी."

"रंग उडत असेल तर या खोलीतली नोंदींची सगळी कपाटं मला ओढ्यात रिकामी करावी लागतील," साहेब म्हणाले. "रंग उडालेला नाही. सकाळी तू पिंजऱ्याकडून पळत सुटलास तेव्हा जाऊन बघितली मी ती कडी. ठसठशीत जांभळी आहे."

त्यांनी कपाटातून कड्यांचा डबा काढला. छोट्या छोट्या खणांत रंगीत कड्या होत्या. प्रत्येक खणातली एक काढून त्यांनी टेबलावर रांग लावली.

"आत्या, यातली जांभळी दाखवा. तुमच्यावर माझा अविश्वास नाही, पण उद्या लोक विचारणार. चूक डोळ्यातली नव्हती, हातातली होती, एवढं मला म्हणता आलं पाहिजे. मग याचं काय करायचं ते मी बघतो."

याचं काय करायचं ते उघडच होतं. जाळीवाल्याची बायको नुकतीच केंद्राच्या चाळीत राहायला आली होती. सकाळीच ती शेजारणीकडे पडद्यासाठी खिळे मागत होती.

आत्याने टेबलाच्या कडेला बोट टेकवलं. लाल कडी कळली. पांढरी, हिरवी, काळी, पिवळी, सगळ्या कळल्या. रांगेच्या टोकाला दोन उरल्या. दोन्ही एकाच पाटीतून कापल्यासारख्या. तिचं बोट डावीकडच्या कडीवर गेलं.

जाळीवाला खाकरला.

बोट उजवीकडे सरकलं. खोलीत आवाज नव्हता. जाळीवाला खिडकीबाहेर बघत होता, सरळ, जणू बाहेर काहीतरी बघण्यासारखं होतं. बोट पुन्हा डावीकडे गेलं आणि तो पुन्हा खाकरला, यावेळी जरा जोरात, घशाला खरंच काही झाल्यासारखा.

म्हणजे डावीकडची. नुसतं बोट दाबायचं होतं. केंद्रावरची खोली, स्टूल, फळीतली फट, सगळं त्या बोटाखाली होतं. नाहीतर जिन्याशेजारचं दार, ज्याची किल्ली तिच्याकडे नव्हती, आणि पाय बाहेर राहणारा सोफा.

तिने बोट उचललं.

"साहेब, मला दोन्ही सारख्याच दिसतात."

साहेबांनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही घरी पाठवलं असतं."

"अर्थात पाठवलं असतं," साहेब म्हणाले. आणि पाठवलं.

त्यांनी ते माणुसकीने केलं. निरोपाला चहा झाला. साहेबांनी भाषणात 'केंद्राची नजर' असा शब्द वापरला आणि वापरून झाल्यावर ते थोडे अडखळले. जाणाऱ्या माणसाला एक चांगली दुर्बीण भेट द्यायची असा तिथला रिवाज होता. त्यात बदल करावा असं कुणाला सुचलं नाही. तिने त्या हंगामात सांगितलेलं सगळं रद्द झालं, त्यातलं जे खरं होतं तेही. साहेबांनी जगभर दुसरं पत्र पाठवलं. ते पहिल्याहून लहान होतं. जाळीवाल्याला समज देऊन ठेवून घेतलं, कारण पक्षी तर धरायचेच होते.

तो आत्याची पिशवी उचलून फाटकापर्यंत आला.

"का बोललात?" तो रागाने म्हणाला. "मी सांगत होतो ना तुम्हाला."

"ऐकलं मी."

"मग?"

"घशाला काढा घे," आत्या म्हणाली.

घरी जिन्याशेजारच्या खोलीत आता पाळणा होता. भाचीला मुलगी झाली होती. आत्याचे कपडे दिवाणखान्यातल्या कपाटाच्या खालच्या खणात लावले गेले आणि सोफ्यापुढे एक स्टूल आलं, पायांसाठी. दादाने वर्तमानपत्र खाली करून "आलीस? बरं झालं" असं म्हटलं आणि ते परत वर केलं. दुर्बीण कुठे ठेवावी हे कुणाला कळेना. शेवटी ती कपाटावर गेली.

जाळीवाला एकदा येऊन गेला. जांभळी काही दिवस कोठाराच्या हद्दीवर एकटी बसलेली दिसायची, म्हणाला. मग दिसली नाही. दुसऱ्या कुठल्या झाडावर कुणी तिला घेतलं असेल का, असं भाचीने विचारलं.

"त्या वयात नाही घेत कुणी," आत्या म्हणाली.

त्या दुपारी वहिनी आणि आत्या ओट्यापाशी बसून वाटाणे सोलत होत्या. मध्ये एक पातेलं. भाची आत मुलीला निजवत होती. खुंटीवर तिचा निळा कोट टांगलेला होता. वहिनीने एकदा कोटाकडे बघितलं आणि मग शेंगांकडे.

"वन्सं, एक सांगू?"

"सांगा."

"ते बटण तुम्ही जांभळ्या धाग्याने लावलं होतंत."

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मी त्याच रात्री उसवलं. निळ्याने लावून ठेवलं, कुणी उठायच्या आत. चांगलं दिसत नव्हतं ते. म्हणजे दिसायचं ते सगळं दिसत होतं त्यात."

"तेव्हापासून माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"आणि बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही घरी बसला असता," वहिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "पोरीचे दिवस भरत आलेले. खोली एकच."

आत बाळ जरा कुरकुरलं आणि गप्प झालं. आत्याने शेंग सोलली. दाणे पातेल्यात पडले.

"आता बसलेच की मी घरी."

"हो. आता बसलातच."

वहिनीने पुढची शेंग घेतली. आत्या बोटांनी चाचपून दाणे काढत होती, झरझर, हाताला सवय असल्यासारखी. किडके दाणे बोटांना कळत नव्हते. ते हिरव्यांबरोबर पातेल्यात जात होते. दर थोड्या वेळाने वहिनी पातेल्यात हात घालून ते वेचून बाजूला टाकी. आत्याला ते कळत होतं. तिला कळतंय हे वहिनीलाही कळत असावं.